वराह-रक्तातिसाराच्या कारणमीमांसेचा इतिहास

एखाद्या रोगाचे कारण ‘सापडले’ असे वैद्यकाचा इतिहासकार लिहितो, तेव्हा तो बहुधा एक वर्ष व एक नाव पुढे ठेवतो. क्षयासाठी १८८२ व कॉख, उपदंशासाठी १९०५ व शाउडिन-हॉफमन, अशा जोड्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. डुकरांना होणाऱ्या रक्तातिसाराच्या बाबतीत अशी जोडी देता येत नाही. या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२१ साली झाले; त्याचे कारण १९४४ मध्ये ‘सापडले’, १९६८ मध्ये त्याविषयी संशय उत्पन्न झाला, १९७१-७२ मध्ये दुसरे कारण ‘सापडले’, आणि १९७९ मध्ये हे दुसरे कारणही एकटे पुरेसे नाही असे दिसून आले. ज्याला आज आपण रोगकारक मानतो त्या जातीचे मळसूत्री जंतू डुकरांमध्ये असतात ही गोष्ट तर १९१३ पासूनच छापील स्वरूपात उपलब्ध होती. मग अर्धशतकाहून अधिक काळ का लागला? साधनांची उणीव होती, हे नेहमीचे उत्तर आहे. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डुक्कर हा प्राणी आपल्याकडील विद्वच्चर्चेत क्वचितच येतो, आणि त्याचे आतडे तर मुळीच येत नाही. तेव्हा प्रथम रोगाचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. दूध तुटल्यानंतर वाढीला लागलेल्या डुकरांना हा रोग विशेषेकरून होतो. आरंभी विष्ठा पिवळसर व पातळ होते. लवकरच तीत आव व रक्त दिसू लागते. जनावर खाणे टाकते, पाठ कमानीसारखी करून उभे राहते, कुशी खपाटीला जातात, आणि शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने त्यातली काही मरतात. जी वाचतात ती खाल्लेल्या अन्नाच्या मानाने वाढत नाहीत. पालकाचे खरे नुकसान येथेच होते. शवविच्छेदनात एक गोष्ट डोळ्यांत भरते. लहान आतडे जवळजवळ निरोगी असते आणि विकृती मोठ्या आतड्याच्या प्रारंभापाशी रेघ ओढल्यासारखी सुरू होते. तेथील श्लेष्मल त्वचा सुजलेली, लाल, आणि आव, रक्त व मृत पेशी यांच्या थराने झाकलेली असते. वरवर किरकोळ वाटणारी ही खूण ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळेच हा रोग स्वतंत्र म्हणून ओळखता आला.

अमेरिकेतील इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाच्या कृषिसंशोधन केंद्रातील व्हायटिंग, डॉइल व स्प्रे या तिघांनी १९२१ साली ‘स्वाइन डिसेंटरी’ या नावाने हे वर्णन प्रसिद्ध केले. आजारी जनावराच्या मोठ्या आतड्यातील द्रव्य निरोगी डुकरांना चारले असता रोग उत्पन्न होतो हेही त्यांनी दाखविले. म्हणजे रोग सांसर्गिक आहे आणि त्याचे बीज आतड्यात आहे, इतके पहिल्याच पावलाला निश्चित झाले. बीज कोणते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि त्या संयमामागे एक ताजा इतिहास उभा होता.

मक्याच्या त्या प्रदेशात डुकरांचा खरा काळ म्हणजे हॉग कॉलरा. अमेरिकी पशुउद्योग खात्यातील सॅमन व थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५-८६ च्या सुमारास या रोगाने मेलेल्या डुकरांतून एक जंतू वेगळा केला आणि तोच रोगाचे कारण म्हणून जाहीर केला. स्मिथ हा काही हलक्या हाताचा संशोधक नव्हता. अमेरिकेतील सूक्ष्मजंतुशास्त्राच्या संस्थापकांत त्याची गणना होते. तरीही १९०३ मध्ये त्याच खात्यातील द श्वाइनित्स व डॉर्सेट यांनी दाखवून दिले की, जंतू अडवून धरणाऱ्या गाळणीतून गाळलेल्या रक्तानेही हॉग कॉलरा होतो. खरे कारण विषाणू होते. सॅमन-स्मिथांचा जंतू रोगाने दुबळ्या झालेल्या शरीरात मागाहून वाढणारा सोबती होता. तो डुकरांना स्वतंत्रपणे आजार आणू शकतो हे खरे, पण हॉग कॉलऱ्याचा कर्ता तो नव्हे. यानंतर दहा वर्षांनी, १९१३ साली, किंग व हॉफमन यांनी हॉग कॉलरा झालेल्या डुकरांमध्ये एक मळसूत्री जंतू पाहिला, त्याला ‘स्पायरोकीटा सुइस’ असे नाव दिले, आणि रोगाशी त्याचा संबंध असावा असे प्रतिपादन केले. उपदंशाचा मळसूत्री जंतू नुकताच आठ वर्षांपूर्वी हाती आला होता. त्या काळी अशा जंतूंकडे संशोधकांची दृष्टी वळणे स्वाभाविकच होते. परंतु विषाणूचा पुरावा इतका भक्कम होता की हा पक्ष टिकला नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे या प्रकरणाचा पुढील इतिहासावर झालेला परिणाम नीट लक्षात घेतला गेलेला नाही. डुकराच्या आतड्यातील मळसूत्री जंतू एकदा चुकीच्या रोगाच्या संदर्भात आरोपी म्हणून उभा राहिला आणि निर्दोष सुटला. त्यानंतर तो ‘आतड्यात असतोच’ या सदरात जमा झाला. निरोगी डुकरांच्या मोठ्या आतड्यातही तसे जंतू आढळतात, यामुळे त्या समजुतीला बळकटीच आली. हे आमचे अनुमान आहे. परंतु पुढील तीस वर्षांत या जंतूकडे जी उदासीनता दिसते तिचा उलगडा त्यावाचून नीट होत नाही.

१९४४ साली डॉइलने, म्हणजे १९२१ च्या त्रयीतील त्याच डॉइलने, रक्तातिसार झालेल्या डुकरांमध्ये एक वाकडा, स्वल्पविरामासारखा जंतू आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्याचे संवर्धन त्याला साधले होते. ते चारून काही डुकरांत रोग उत्पन्न झाल्याचेही त्याने कळविले, आणि १९४८ च्या निबंधात या जंतूला ‘व्हिब्रिओ कोलाय’ हे नाव देऊन रोगाची कारणमीमांसा पूर्ण केली. येथून पुढे वीस वर्षांहून अधिक काळ पाश्चात्त्य पशुवैद्यकात हा रोग ‘व्हिब्रिओजन्य रक्तातिसार’ म्हणूनच ओळखला गेला.

डॉइलवर नंतरच्या लेखकांनी बरेच तोंडसुख घेतले आहे. ते आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्याच्यापुढे कोणती उदाहरणे होती ते पाहावे. कॉखने १८८४ साली कलकत्त्यात मानवी पटकीच्या रोग्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू पुनःपुन्हा पाहिला व पटकीचे कारण ठरविले. मेंढ्या व गाई यांच्या गर्भपाताशी व्हिब्रिओचा संबंध विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रस्थापित झाला. १९३१ मध्ये जोन्स, ऑर्कट व लिटल यांनी गाईवासरांच्या आतड्याच्या विकारात ‘व्हिब्रिओ जेजुनाय’ वर्णिला. अशा स्थितीत डुकराच्या रक्तातिसारात व्हिब्रिओ सापडला तर त्यावर विश्वास बसू नये असे कोणते कारण होते? कॉखची कसोटी प्रत्येक रोग्यात जंतू दिसावा, तो वेगळा करून वाढविता यावा, आणि त्याने रोग पुन्हा उत्पन्न व्हावा अशी आहे. डॉइलच्या समजुतीप्रमाणे ती बव्हंशी पूर्ण झाली होती.

दोष कसोटीच्या दुसऱ्या कलमात दडलेला होता. जंतू ‘वाढविता यावा’ अशी अट घातली की, जो वाढविता येतो तोच उमेदवार म्हणून पुढे येतो. व्हिब्रिओ कोलाय हा कमी ऑक्सिजनात का होईना, पण तत्कालीन प्रयोगशाळेत वाढत असे. मळसूत्री जंतूला ऑक्सिजन जवळजवळ वर्ज्य लागतो, पोषणद्रव्ये निराळी लागतात, आणि आतड्यातील इतर शेकडो जाती त्याच्यावर मात करून बशी व्यापून टाकतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसे, परंतु बशीवर येत नसे. तिसऱ्या कलमातही एक खोच होती. प्रयोगासाठी आणलेली डुकरे पालकांच्या कळपांतूनच येत. बाहेरून निरोगी दिसणारे जनावर कित्येक आठवडे या रोगाचे बीज बाळगून असू शकते, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्यामुळे संवर्धन चारल्यावर काही जनावरे आजारी पडली तर ती त्या संवर्धनामुळेच पडली असे म्हणता येत नाही. ‘काही’ डुकरांत रोग झाला आणि काहींत झाला नाही, या एका शब्दाकडे पुढे अनेकांनी अधिकाधिक बारकाईने पाहिले, कारण त्यांना तो प्रयोग भरवशाने साधत नव्हता.

डॉइलचा जंतू काल्पनिक नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९७३ पासून तो ‘कॅम्पिलोबॅक्टर कोलाय’ या नावाने ओळखला जातो, डुकरांच्या आतड्यात तो सर्रास व निरुपद्रवीपणे राहतो, आणि मांसाबरोबर माणसाच्या पोटात गेल्यास माणसाला अतिसार करतो. डुकराच्या रोगाचा आरोप ज्याच्यावरून उठला, तो माणसाच्या रोगाचा कर्ता निघाला.

दरम्यान पालक कारणाची वाट पाहत बसले नव्हते. १९५० च्या दशकात आर्सेनिकाची सेंद्रिय संयुगे, विशेषतः आर्सॅनिलिक आम्ल, या रोगावर वापरात आली व त्यांचा गुण येई. आज मागे वळून पाहणाऱ्याला येथे थबकावेसे वाटते. १९१० साली एर्लिखने उपदंशाच्या मळसूत्री जंतूवर जे पहिले गुणकारी औषध दिले, तेही आर्सेनिकाचेच होते. तथापि हा संकेत निर्णायक होता असे म्हणणे पश्चाद्बुद्धीचे ठरेल. आर्सेनिकाची संयुगे इतरही अनेक सूक्ष्मजीवांवर चालतात.

पक्ष बदलण्यास प्रारंभ झाला तो हॉलंडमध्ये. १९६८ साली टेर्पस्ट्रा, आकरमान्स व ऑवरकेर्क यांनी, शीर्षकात ‘डॉइलचा व्हिब्रिओजन्य रक्तातिसार’ हेच नाव कायम ठेवून, चमकणारे रंगद्रव्य जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने आजारी डुकरांतील मळसूत्री जंतूंकडे लक्ष वेधले. जुन्या नावाखाली नवा आरोपी, अशी ही मौजेची अवस्था होती. या पद्धतीचे महत्त्व असे की तिच्यात जंतू वाढविण्याची गरज नव्हती. तो आतड्याच्या पेशींपाशी जेथे असेल तेथेच ओळखता येत होता. संवर्धनाच्या अटीने जी वाट अडविली होती, तिला येथे बगल मिळाली. पाठोपाठ १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये टेलर व ब्लेकमोर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे जंतू श्लेष्मल त्वचेच्या पेशींत शिरलेले दाखविले. त्याच वर्षी टेलर व अलेक्झांडर यांनी मळसूत्री जंतू असलेली संवर्धने चारून डुकरांत रक्तातिसार उत्पन्न केला.

अखेर १९७२ मध्ये आयोवा राज्य विद्यापीठातील हॅरिस, ग्लॉक, क्रिस्टेन्सन व किन्यन यांनी हा जंतू शुद्ध स्वरूपात मिळविला, त्याने रोग पुन्हा घडवून आणला, आणि त्याला ‘ट्रेपोनिमा हायोडिसेंटेरी’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘हिस्’ म्हणजे डुक्कर. नावातच रोग सांगितला आहे. शुद्धीकरणाची युक्ती जंतूच्या अंगयष्टीवर आधारलेली होती. हा जंतू सुमारे ६ ते ८·५ मायक्रॉन लांब, परंतु जेमतेम ०·३ ते ०·४ मायक्रॉन जाड असतो. त्याचे कशाभ शरीराबाहेर लोंबत नसून बाह्यावरणाखाली गुंडाळलेले असतात, त्यामुळे तो स्क्रूप्रमाणे वळत वळत बुळबुळीत श्लेष्म्यातूनही वाट काढतो. सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून जेथे जाडे जंतू अडतात तेथून तो पलीकडे निघून जातो. रक्तमिश्रित माध्यमावर, ऑक्सिजन काढून टाकलेल्या पात्रात, त्याच्या वाढीभोवती तांबड्या पेशी विरघळून स्वच्छ वलय पडते. १९७६ मध्ये सॉन्गर, किन्यन व हॅरिस यांनी माध्यमात दर मिलिलिटरला ४०० मायक्रोग्रॅम स्पेक्टिनोमायसिन घालून इतर जंतू दडपण्याची रीत दिली. जे पन्नास वर्षे दुर्घट होते, ते आता सामान्य निदानशाळेतही करता येऊ लागले.

पाठ्यपुस्तकांतील कथा बहुधा येथे संपते. वस्तुतः तिचा अत्यंत बोधक भाग यापुढे आहे.

मातेच्या उदरातून शस्त्रक्रियेने काढून, कोणत्याही जंतूचा स्पर्श न होऊ देता वाढविलेली जंतुरहित डुकरे यावेळी प्रयोगासाठी मिळू लागली होती. ‘प्रयोगाचे जनावर आधीच दूषित असेल’ ही डॉइलच्या काळातील शंका त्यांच्यामुळे निःशेष मिटणार होती. १९७४ मध्ये मेयर, सायमन व बायर्ली यांनी अशा डुकरांना ट्रेपोनिमा व व्हिब्रिओ कोलाय चारून पाहिले. रक्तातिसार झाला नाही. मळसूत्री जंतू आतड्यात वसती करतो, पण रोग होत नाही. म्हणजे सर्वांत शुद्ध प्रयोगात १९७२ चा जंतू कॉखच्या कसोटीला उतरला नाही! १९७९ मध्ये व्हिप व त्याच्या सहकाऱ्यांनी कोडे उलगडले. आतड्यात नेहमी वास करणाऱ्या विनाऑक्सिजन वाढणाऱ्या जंतूंपैकी काही, उदाहरणार्थ बॅक्टिरॉइडिस व्हल्गेटस व फ्यूझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम, यांची जोड दिली असता जंतुरहित डुकरांतही रोगाची विकृती प्रकट झाली. एकट्या साथीदारांनी रोग होत नव्हता. एकट्या मळसूत्री जंतूने होत नव्हता. संगतीने होत होता.

यावरून डॉइल बरोबर होता असे सिद्ध होत नाही. त्याचा व्हिब्रिओ या संगतीतला अपरिहार्य घटक नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर तो व त्याचे टीकाकार दोघेही शोधत होते, तो प्रश्नच थोडा चुकीचा मांडलेला होता, एवढे मात्र दिसते. मोठे आतडे ही रिकामी बशी नव्हे. तेथे येणाऱ्या पाहुण्याला घर आधीच भरलेले सापडते, आणि घरातली माणसे कोण आहेत यावर पाहुण्याचे वर्तन अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील मर्डॉक विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ मध्ये याच दिशेने एक लक्षणीय निरीक्षण प्रसिद्ध केले: मोठ्या आतड्यात आंबणारा अंश कमी पोहोचेल असा आहार, विशेषतः शिजवलेला पांढरा भात व प्राणिज प्रथिने, दिल्यास डुकरांतील रक्तातिसाराचे प्रमाण घटते. जंतू तोच, डुक्कर तेच. बदलला तो केवळ आतड्यातील शेजार.

मळसूत्री जंतू निरोगी डुकरांतही आढळतात, या जुन्या आक्षेपाचेही उत्तर १९७९ मध्येच मिळाले. किन्यन व हॅरिस यांनी तांबड्या पेशी जेमतेम विरघळविणारा, रोग न करणारा प्रकार वेगळा काढून त्याला ‘ट्रेपोनिमा इनोसेन्स’, म्हणजे निरपराध, असे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसणारे दोन जीव, एक घातक व एक निरुपद्रवी, इतके दिवस एकाच नजरेने पाहिले गेले होते. नामकरणाची पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. आकारसाम्यावरून दिलेले ‘ट्रेपोनिमा’ हे गोत्र आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेत टिकेना, म्हणून १९९१ मध्ये ‘सर्पुला’ हे नवे गोत्र कल्पिले गेले. ते नाव एका बुरशीला आधीच दिलेले आहे हे ध्यानात आल्यावर १९९२ मध्ये ‘सर्पुलिना’ झाले. आणि १९९७ मध्ये, डेन्मार्कमधील मानवी रोग्यांतून १९८२ साली वर्णिलेल्या ‘ब्रॅकिस्पायरा’ गोत्रात ते विलीन झाले. आज हा जंतू ‘ब्रॅकिस्पायरा हायोडिसेंटेरी’ होय.

माणसाचा उल्लेख आला तो आनुषंगिक नाही. १९६७ मध्ये हारलँड व ली यांनी मानवी मोठ्या आतड्याच्या पेशींवर ब्रशाच्या केसांप्रमाणे दाट उभे राहिलेले मळसूत्री जंतू वर्णिले होते. १९८० मध्ये टेलर, सिमन्स व लेर्ड यांनी डुकरांतून हायोडिसेंटेरीहून भिन्न असा जंतू मिळविला व त्याच्या शुद्ध संवर्धनाने सौम्य स्वरूपाचा आतड्याचा रोग घडविला. १९९६ साली त्याला ‘पिलोसिकोलाय’ हे नाव मिळाले; आतड्याला केसाळ रूप आणणारा, असा त्याचा अर्थ. हा जंतू डुकरे, कुत्री, पक्षी व माणसे या सर्वांत आढळतो. आसामातील चहामळ्यांवरील वस्तीत माणसे व कुत्री या दोहोंची तपासणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोत्रातील जंतूंची वसती तेथेही दिसून आली. भारतीय वाचकाने हा विषय केवळ परदेशी गोठ्यांपुरता मानू नये, यासाठी एवढा उल्लेख पुरे.

औषधांच्या बळावर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील कळपांतून हा रोग बव्हंशी दिसेनासा झाला होता. आर्सेनिकानंतर नायट्रोइमिडाझोल वर्गातील द्रव्ये, लिंकोमायसिन, कार्बाडॉक्स, टायॅम्युलिन अशी साधने एकामागून एक आली. युरोपीय संघात त्यांपैकी काहींवर पुढे बंदी आली, आणि जी राहिली त्यांना दाद न देणारे प्रकार अनेक देशांत आढळू लागले. पूर्ण कळप काढून टाकून जागा धुऊन कोरडी करणे, हाच कित्येक ठिकाणी खात्रीचा उपाय उरला. तोही उंदीर मारल्यावाचून सफल होत नाही, कारण उंदीर हा जंतू महिनोन्‌महिने बाळगतात, आणि थंड ओल्या विष्ठेत तो स्वतःही कित्येक आठवडे जगतो.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेत रोग परत आला. कॅनडातील काही कळपांत डुकरांना रक्तमिश्रित हगवण लागली. आतड्याची विकृती जुन्या वर्णनाबरहुकूम होती, रक्तमाध्यमावरील वलय स्वच्छ होते, परंतु हायोडिसेंटेरीच्या जनुकांवर बेतलेली चाचणी नकारार्थी येत राहिली. ज्यांनी केवळ त्या चाचणीवर भिस्त ठेवली त्यांच्या दृष्टीने तो रक्तातिसार नव्हताच. संवर्धन करून पाहिल्यावर निराळी जात हाती आली. २०१२ मध्ये तिचे प्राथमिक वर्णन झाले आणि २०१६ मध्ये तिला ‘ब्रॅकिस्पायरा हॅम्पसोनाय’ हे विधिवत नाव मिळाले. ज्या संवर्धनाच्या अटीने १९४४ मध्ये दिशाभूल केली होती, त्यानेच या खेपेस मार्ग दाखविला. हीच जात पुढे बेल्जियम व जर्मनी येथील डुकरांत, आणि कॅनडाच्या आर्क्टिक प्रदेशातील हिमहंसांच्या विष्ठेतही आढळली आहे. हे हंस दर हिवाळ्यात दक्षिणेकडे, डुकरांच्या प्रदेशावरून उडत जातात.